चुकीचं वटवाघूळ, चुकीचं डुक्कर

'कंटेजन' तुम्ही पाहिलाय असं मी धरून चालते. स्टीव्हन सोडरबर्गचा हा सिनेमा आला २०११ मध्ये, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिला २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, घरात कोंडून घेतलेलं असताना, भारतात आई-बाबांना फोन करून झाल्यावर. तेव्हा जो तो म्हणत होता, अरे, यांना नऊ वर्षं आधी कसं काय कळलं! सोशल डिस्टन्सिंग आहे, आर-नॉट आहे, खोटं औषध खपवणारा ब्लॉगर आहे, लशीसाठी जन्मतारखांची लॉटरी आहे. हे सगळं अभ्यास करून केलंय यात शंका नाही. पटकथाकार स्कॉट बर्न्सने कोलंबिया विद्यापीठातल्या इयान लिपकिनसारख्या विषाणूतज्ज्ञाला सोबत घेतलं होतं.

पण मला बोलायचंय ते शेवटच्या दोन मिनिटांबद्दल, कारण या सिनेमातलं सर्वांत चांगलं आणि सर्वांत फसवं असं दोन्ही तिथेच आहे.

काय होतं ते एकदा नीट लावून घेऊ. बुलडोझर एक झाड आडवं करतो. वटवाघळं उडतात. त्यातलं एक केळीवर येतं, केळ्याचा तुकडा तोंडात धरून डुकरांच्या शेडमध्ये जातं. तुकडा खाली पडतो, एक पिल्लू तो खातं. पुढे ते डुक्कर कापलं जातं आणि मकावच्या कॅसिनोच्या किचनमध्ये पोचतं. आचारी त्याच्यावर काम करत असताना त्याला बाहेर बोलावतात. तो हात न धुता, नुसते ॲप्रनला पुसून, बेथ एम्हॉफशी, म्हणजे ग्वेनेथ पॅल्ट्रोशी, हस्तांदोलन करतो. पडद्यावर अक्षरं उमटतात: डे वन. संपला सिनेमा. सुरू झाला होता तो डे टू पासून, त्यामुळे इतका वेळ आपण ज्याची वाट बघत होतो तो तुकडा जागेवर बसल्याचं समाधान मिळतं.

आणि त्या बुलडोझरवर नाव कोणाचं, हे बघायचं राहिलं असेल तर परत बघा. एआयएमएम ऑल्डर्सन. बेथ ज्या कंपनीत नोकरी करते तीच. म्हणजे जंगल तोडणारा कोणी अनोळखी खेडूत नाही, हे या सिनेमाला माहीत आहे. 'आउटब्रेक' (१९९५) आठवा: आफ्रिकेतून एक माकड चोरून आणलं जातं आणि रोग 'तिकडून' 'इकडे' येतो. रिचर्ड प्रेस्टनचं 'द हॉट झोन' (१९९४) हे गाजलेलं पुस्तक तर एका टप्प्यावर असं सुचवतं की पृथ्वीची रोगप्रतिकारशक्ती माणूस नावाच्या जंतूविरुद्ध कामाला लागली आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण थोडं थांबून विचार करा, यातून कळलं काय? कुठली पृथ्वी, कुठला माणूस? या दोन्हींच्या तुलनेत 'कंटेजन' प्रामाणिक आहे. तो बुलडोझर दाखवतो आणि मालकाचं नावही दाखवतो.

मग तक्रार काय? तक्रार 'डे वन' या दोन शब्दांबद्दल आहे. सिनेमातली शास्त्रज्ञ ॲली हेक्स्टॉल विषाणूचा जनुकीय नकाशा बघून म्हणते की जगात कुठेतरी चुकीच्या डुकराची चुकीच्या वटवाघळाशी गाठ पडली. वाक्य चटपटीत आहे, लक्षात राहतं. शेवटची दोन मिनिटं म्हणजे त्या वाक्याचं चित्रीकरणच आहे: एक झाड, एक वटवाघूळ, एक तुकडा, एक पिल्लू, न धुतलेले दोन हात. यातली एक कडी निसटली असती तर काहीच झालं नसतं. म्हणजे जे घडलं तो योगायोग. बुलडोझरही मग त्या योगायोगातला पहिला ठोकळा होऊन बसतो.

आता हा सिनेमा ज्या साथीवर बेतलाय तिकडे जाऊ. ती निपाह विषाणूची, मलेशियातली, १९९८-९९ ची.

१९९८ च्या सप्टेंबरपासून पेराक राज्यातल्या इपोह शहराच्या आसपास डुक्करपालन करणारी माणसं मेंदूज्वराने आजारी पडू लागली. सरकारने निदान केलं जपानी मेंदूज्वर. डासांमुळे पसरतो, डुकरांमध्ये वाढतो, लस उपलब्ध आहे. त्यामुळे फवारण्या झाल्या, लसी टोचल्या गेल्या. पण चित्र जुळत नव्हतं. जपानी मेंदूज्वर मुख्यतः लहान मुलांना होतो. इथे आजारी पडत होते डुकरांना रोज हात लावणारे मोठे पुरुष. लस घेतलेलेही आजारी पडत होते. डुकरं स्वतः भयंकर खोकत होती. मलेशियातली डुक्करपालन करणारी कुटुंबं बहुतेक चिनी वंशाची, आणि शेजारच्या मलय मुस्लिम वस्तीत, जिथे डासांना धर्म विचारायचं कारण नव्हतं, रोगी जवळपास नव्हतेच. शेतकरी हे सांगत होते. घाबरून काहींनी आपली डुकरं स्वस्तात विकली आणि त्या डुकरांबरोबर विषाणू दक्षिणेला नेगेरी सेंबिलानमध्ये गेला, तिथून सिंगापूरच्या कत्तलखान्यात. १९९९ च्या मार्चमध्ये मलाया विद्यापीठातल्या काव बिंग चुआ या डॉक्टरने हा वेगळाच विषाणू असल्याचं शोधून काढलं. त्याला नाव मिळालं सुंगाई निपाह या गावावरून. तोपर्यंत उशीर झाला होता. मलेशियात २६५ रुग्ण, १०५ मृत्यू. सिंगापूरमध्ये ११ रुग्ण, एक मृत्यू. दहा लाखांहून अधिक डुकरं मारली गेली.

विषाणू आला कुठून? फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांमधून, हे लवकरच कळलं. मग ती डुकरांपर्यंत का आली? पहिलं उत्तर अगदी सिनेमात शोभेल असं होतं. १९९७-९८ मध्ये एल निन्योचा दुष्काळ होता. सुमात्रा आणि बोर्निओत जंगलं जाळली जात होती, धुराने अख्खा प्रदेश काळवंडला होता. फळं कमी झाली, वटवाघळं विस्थापित झाली आणि मलेशियातल्या बागांवर येऊन पडली. हे उत्तर चुआ आणि त्याच्या सहकाऱ्यांनीच मांडलं होतं. त्यात तर्क आहे आणि चित्रही जबरदस्त आहे: पेटलेलं जंगल, धुरातून उडणारे थवे. 'कंटेजन'मधला बुलडोझर या चित्राचा सख्खा भाऊच म्हणायचा.

अडचण एवढीच की नंतर जुन्या नोंदी तपासल्यावर इपोहजवळच्या त्याच भागात १९९७ च्या जानेवारीत निपाहचे रुग्ण सापडले. धूर त्यानंतरचा.

मग ज्युलिएट पुलियम आणि तिच्या सहकाऱ्यांनी दुसरं उत्तर शोधलं. ते जर्नलमध्ये छापून आलं तेव्हा 'कंटेजन' नुकताच थिएटरमध्ये येऊन गेला होता. उत्तर कंटाळवाणं आहे, म्हणून मला ते फार आवडतं. साथ जिथून सुरू झाली त्या फार्मवर तीस हजारांहून जास्त डुकरं होती आणि शेडला लागून आंब्याची झाडं होती. जोडधंदा म्हणून आंबे, त्यांना खत डुकरांचं. हिशोबाने विचार केला तर काय चूक आहे? १९७० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मलेशियात डुकरांचं आणि आंब्याचं, दोन्हींचं उत्पादन सुमारे तिप्पट झालं होतं. वटवाघळं रात्री आंबा खायला येत. अर्धवट खाल्लेली फळं, लाळ, मूत्र खाली पडे, आणि खाली डुकरं.

आता नीट लक्ष द्या, कारण 'डे वन'चा फुगा इथे फुटतो. गणिती मॉडेलमधून असं दिसलं की वटवाघळांकडून विषाणू पहिल्यांदा फार्मवर आला की तो वणव्यासारखा पसरतो आणि लवकरच विझतो, कारण बहुतेक डुकरांना रोग होऊन जातो आणि त्यांच्यात प्रतिकारशक्ती येते. गोष्ट तिथेच संपायला हवी. पण मोठ्या फार्मवर रोज नवी पिल्लं जन्मतात आणि जुनी डुकरं विकली जातात. काही काळाने विषाणू वटवाघळांकडून पुन्हा येतो. या वेळी निम्म्या-अर्ध्या डुकरांमध्ये प्रतिकारशक्ती आहे, म्हणून वणवा पेटत नाही. विस्तव धुमसत राहतो. महिनोन्‌महिने. दर आठवड्याला थोडी नवी पिल्लं, थोडी नवी लागण. एवढा काळ टिकल्यावर तो विकलेल्या डुकरांच्या ट्रकमध्ये चढणार नाही तर काय होईल?

म्हणजे पिल्लाच्या तोंडात पडलेल्या त्या एका तुकड्याने साथ आणलीच नाही. तसे तुकडे पडतच होते. एकदा आलेला विषाणू विझला होता. साथीला लागली ती अशी मांडणी, जिथे तो परत परत येऊ शकेल आणि आल्यावर टिकू शकेल. अशा फार्मवर 'चुकीचं डुक्कर' कुठलं? कुठलंही चाललं असतं.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण सिनेमाला असं धुमसणं कसं दाखवता येईल? त्याला दोन मिनिटंच आहेत. मान्य. पण मग बघा, दोन मिनिटांत काय निवडलं ते. झाड पडण्याचा क्षण निवडला. तीस हजार डुकरांची शेड आणि तिच्यावर झुकलेली फळझाडं हे एकच स्थिर दृश्य दाखवलं असतं, तरी जास्त खरं झालं असतं. सिनेमातलं डुक्करपालन आपल्याला जेमतेम एका पिल्लापुरतं भेटतं. जंगल दोषी, वटवाघूळ दोषी, आचाऱ्याचे हात दोषी. शेडकडे मात्र कोणी बघत नाही. आणि बेथबद्दल तर बोलायलाच नको. पहिली रुग्ण असलेली ही बाई परतीच्या वाटेवर शिकागोत जुन्या प्रियकराला भेटते. रोगाच्या वाटेवर व्यभिचाराची खूण ठेवायची पटकथेला काय गरज होती, हे मला आजही कळलेलं नाही. आशिक अबूचा मल्याळी सिनेमा 'वायरस' (२०१९) याबाबतीत किती समंजस आहे! कोळिकोडच्या २०१८ च्या निपाह साथीवरच्या त्या सिनेमातही पहिल्या रुग्णाचा शोध आहे, तोही थ्रिलरसारखा. पण तो शोध त्या तरुणावरचा संशय पुसण्यासाठी चालतो. 'कंटेजन' आवडला असेल तर 'वायरस' जरूर बघा.

बुलडोझर तरीही खोटा नाही. हे मी आवर्जून सांगतेय, कारण वरचं वाचून कोणी 'जंगलतोडीचा संबंध नाही' असं फॉरवर्ड करेल. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. १९९४ मध्ये ब्रिस्बेनच्या हेंड्रा या उपनगरात घोड्यांना आणि त्यांच्या प्रशिक्षकाला एका नव्या विषाणूने मारलं. हेंड्रा विषाणू, निपाहचा जवळचा नातेवाईक, वटवाघळांमधून घोड्यांत आणि घोड्यांतून माणसांत. पेगी एबी, ॲलिसन पील, रेना प्लोराइट आणि सहकाऱ्यांनी पंचवीस वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं की घोड्यांना लागण कोणत्या वर्षी होते. ज्या मोजक्या रानात हिवाळ्यात निलगिरीच्या जातींना फुलं येतात, ते रान तोडलं जात गेलं. एल निन्योनंतरच्या वर्षी अन्नाचा तुटवडा झाला की वटवाघळं मोठे थवे मोडून लहान लहान टोळ्यांनी शेतांजवळ, कुरणांजवळ राहायला येतात, मिळेल ते खातात, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात लागण वाढते. उरलेल्या रानात हिवाळ्यात भरपूर फुलं आली तर वटवाघळं तिकडे निघून जातात आणि लागण थांबते.

इथे झाड तोडणं आणि घोडा मरणं यांच्यात किती वर्षांचं अंतर आहे बघा. मध्ये हवामान आहे, भूक आहे, कुरणात सावलीसाठी ठेवलेलं झाड आहे. बुलडोझर येऊन गेल्यावर त्या दिवशी काहीच होत नाही. म्हणून तर तो पुन्हा येतो.

हे सगळं परदेशातलं झालं. पण ही गोष्ट आपल्या घरचीही आहे आणि आपण ती सांगत नाही. आपल्यापैकी ज्यांचं गाव सिंधुदुर्गात किंवा गोव्यात आहे, त्यांनी 'माकडताप' हा शब्द ऐकला असेल. बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने, रक्तस्रावाने आजारी पडली. तपासाला गेले पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे लोक, म्हणजे आजच्या एनआयव्हीचे. टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो, टी. रामचंद्र राव ही त्यातली नावं. माकडं मरतायत म्हटल्यावर पहिली भीती पीतज्वराची वाटली, कारण तो आशियात कधीच आला नव्हता. पण निघाला नवाच विषाणू, गोचिडींमधून पसरणारा, रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूशी नातं सांगणारा.

रशियाशी नातं म्हटल्यावर पुढचा प्रश्न तुम्हीही ओळखाल. सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी आणला का? या शंकेपायी जागतिक आरोग्य संघटनेने मुंबईच्या बीएनएचएसला पैसे दिले आणि सालिम अलींच्या देखरेखीखाली पक्ष्यांना कड्या घालण्याचं मोठं काम सुरू झालं. भारतीय पक्षिशास्त्राचं त्यात भलं झालं, ते असो. पण इथेही तीच सवय दिसते: रोग बाहेरून आला असणार, कोणीतरी आणला असणार, डे वन शोधा.

दरम्यान होर्हे बोशेल नावाचा शास्त्रज्ञ, पुण्याच्याच केंद्रासाठी काम करणारा, गुरांकडे बघत होता. १९६९ मध्ये त्याने जे मांडलं ते थोडक्यात असं. या गोचिडीच्या आयुष्यात तीन टप्पे असतात. लहानपणी ती उंदीर, खारी, पक्षी, माकडं अशा प्राण्यांवर जगते. मोठी झाली की तिला मोठं जनावर लागतं. दाट जंगलात मोठी जनावरं थोडी, म्हणून गोचिडीही थोड्या. पण जंगलाच्या पोटात भातखाचरं झाली, वस्ती वाढली, गुरं रानात चरायला जाऊ लागली. एकेका गाईच्या अंगावर गोचिडी पोसल्या जाऊ लागल्या. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी माजली, तिच्यात उंदीर वाढले. गाय स्वतः विषाणू फारसा वाढवत नाही, पण गोचिडींची संख्या ती वाढवते. माकड विषाणू वाढवतं आणि जिथे मरतं तिथे लागण झालेल्या गोचिडी सांडून जातं. आणि माणसाला चावते ती बहुतेकदा अर्धवट वाढलेली, टाचणीच्या डोक्याएवढी गोचीड, साधारण नोव्हेंबर ते मेच्या दरम्यान.

यात 'जंगल तुटलं की रोग आला' असं सरळ समीकरण नाही. पूर्ण तुटलेल्या जागी माकडं नाहीत, पूर्ण शाबूत जागी गुरं नाहीत. धोका असतो तो ठिगळं लागलेल्या प्रदेशात: थोडं सदाहरित रान, थोडी बागायत, मध्ये भात, सगळीकडे गुरं. बेथन पर्स ही ब्रिटनमधली संशोधक आणि तिचे भारतीय सहकारी यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॉडेलमध्येही असाच प्रदेश वर आला. मलेशियातली आंब्याखालची डुकरं आणि सह्याद्रीतली रानातली गुरं, दोन्हीकडे जंगल आणि शेती यांची अशी सरमिसळ की गाठभेट रोजची व्हावी.

आणि एखाद्या वेळी बुलडोझर खराच येतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नडमधल्या बेळ्तंगडी तालुक्यात निड्लेजवळ काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ केलं गेलं. माकडताप तिथे पोचला आणि १९८३-८४ च्या हंगामात १,५५५ रुग्ण आणि १५० मृत्यू नोंदले गेले. या रोगाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी साथ. २०१२ नंतर तो कर्नाटकाच्या जुन्या पट्ट्याबाहेर दिसू लागला: बंदीपूर, वायनाड, २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं पाली गाव, २०१६ च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यातलं केर. त्या एका हंगामात सिंधुदुर्गात शंभराहून अधिक रुग्ण झाले, पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला. बहुतेक जण काजूच्या बागेत काम करणारे, सरपण आणि पातेरा गोळा करणारे, गुरं रानात नेणारे. घराच्या आवारात सुक्या पानांचे ढीग असणं हाही धोका असल्याचं कर्नाटकातल्या अभ्यासात दिसलंय. कोकणात पातेऱ्याशिवाय शेती कशी होते, हे गावाकडच्या आजीला विचारा.

दोडामार्ग-सावंतवाडीचा हा पट्टा वन्यजीवांचा मार्ग म्हणून ओळखला जातो. गेल्या काही दशकांत इथे रबराच्या आणि अननसाच्या बागांसाठी रान उठलं, आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला या पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी घालावी लागली. रबरामुळेच माकडताप आला असं मी म्हणत नाही. तसं म्हणण्याइतका पुरावा माझ्यासमोर नाही, आणि असं एकाच गोष्टीकडे बोट दाखवलं की पुन्हा आपण 'डे वन'च्या खेळात शिरतो. पण केर गावातला रोग समजून घ्यायचा तर माकडांची मोजणी करून भागणार नाही. जमीन कोणी घेतली, रान कुठे कुठे तुटक उरलं, गुरं आता कुठे चरतात, बागेत मजूर कुठून येतात, हे विचारावं लागेल. आरोग्य खात्याच्या फॉर्मवर यासाठी रकाना नसतो.

आता तुम्हाला वाटेल, एका हॉलिवूडच्या सिनेमाच्या दोन मिनिटांवर एवढा राग कशाला. राग सिनेमावर नाहीये. गोष्ट कशी सांगितली जाते यावरून पुढे काय करायचं हे ठरतं, आणि ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. मलेशियात गोष्ट डासाची होती तोवर फवारणी झाली आणि शेतकरी मरत राहिले. २०२० मध्ये गोष्ट वटवाघळाची झाली तेव्हा भारतातही लोक वटवाघळांची झाडं तोडायला निघाले, म्हणजे हेंड्राच्या शास्त्रज्ञांनी जे करू नका म्हटलं असतं नेमकं तेच. 'निसर्गाचा सूड' ही गोष्ट ऐकायला नम्र वाटते, पण तिच्यात एआयएमएम ऑल्डर्सन आणि काजू वेचणारी बाई एकाच 'माणूसजातीत' बसतात. आणि उपाय म्हणून जंगलातून माणसं आणि गुरं बाहेर काढा असं कोणी म्हणालं, तर निघतात ती गुरं आणि ती बाई. कंपनी निघत नाही.

लशीचंही तसंच. 'कंटेजन'मध्ये हेक्स्टॉल स्वतःच्या मांडीत लस टोचून घेते आणि काही महिन्यांत जग सावरतं. शेवटी तिने जपून ठेवलेल्या नमुन्याची कुपी सार्सच्या आणि एच१एन१ च्या शेजारी गोठवली जाते. छान वाटतं. माकडतापावर १९९० पासून कर्नाटकात लस दिली जात होती. पुन्हा पुन्हा डोस घ्यावे लागत, दुखायचं फार, लोक टाळायचे आणि परिणाम इतका अपुरा होता की अखेर ती थांबवावी लागली. दरवर्षी काहीशे रुग्ण, मृत्युदर तीन ते पाच टक्के, आणि रुग्ण सगळे खेड्यातले. अशा रोगाच्या लशीसाठी स्वतःच्या मांडीत सुई खुपसणारी नायिका कोणी लिहीत नाही.

उलट बाजूने बघितलं तर काही उपाय इतके साधे आहेत की त्यांच्यावर सिनेमा निघणारच नाही. मलेशियाने साथीनंतर डुकरांच्या शेडजवळ फळझाडं नकोत असं ठरवलं. बांगलादेशात निपाह २००१ पासून जवळपास दर हिवाळ्यात येतो. तिथे तो शिंदीच्या ताज्या रसातून, म्हणजे आपल्या नीरेसारख्या पेयातून येतो. रात्री वटवाघळं झाडावरच्या मडक्याशी येऊन रस चाटतात, सकाळी माणसं तो पितात. स्टीफन लुबी आणि तिथल्या संशोधकांनी रस काढणाऱ्यांशी बोलून बघितलं तर त्यातल्या काहींना युक्ती आधीच माहीत होती: बांबूच्या कामट्यांची चटई विणून रस झरतो ती जागा आणि मडकं झाकायचं. इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी रात्री तपासलं, झाकलेल्या झाडांवर वटवाघळं रसापर्यंत पोचत नव्हती. ही युक्ती सगळ्यांनी वापरली असं झालं नाही, कारण चटई विणायला वेळ आणि पैसा लागतो आणि रस विकून मिळतं थोडंच.

सिंधुदुर्गातही काजूचा हंगाम जानेवारीच्या आसपास सुरू होतो, गोचिडींच्या हंगामाच्या ऐन मध्यावर. आरोग्य खात्याच्या सूचना असतात: रानात जाताना अंगाला डीएमपी तेल लावा, अंग झाकणारे कपडे घाला, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, मेलेलं माकड दिसलं तर कळवा, आणि शक्यतो रानात जाणं टाळा. पहिल्या चार सूचना पाळता येतात. पाचवी पाळायची तर त्या हंगामाच्या मजुरीचं काय करायचं, ते त्या सूचनांमध्ये लिहिलेलं नसतं.